‘राजकारण नको’ म्हणजे नेमके काय नको?

(एग्मोर, चेन्नई येथे भरलेल्या अभ्यासवर्गात रेल्वे व टपाल कामगारांच्या मराठी भाषिक प्रतिनिधींपुढे केलेले भाषण.)



आज मला दिलेला विषय आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. फोनवर कामाचे दोन-चार ग्रुप नाहीत असा कामगार आता सापडणार नाही. सिग्नल मेंटेनरांचा एक, गार्ड-लोको पायलटांचा एक, पोस्टातल्या संगणकाच्या अडचणींचा एक आणि शाखेचा एक. या ग्रुपवर राजकारणावरून भांडणे होतात. काही माणसे रागाने निघून जातात, काहींना काढले जाते. शेवटी ॲडमिन वैतागून जाहीर करतो, “येथे फक्त तांत्रिक चर्चा. राजकारण नको.” या शेवटच्या दोन शब्दांवर मला बोलायचे आहे.

मी उपदेश करायला उभा राहिलेलो नाही. हा फलक मी स्वतः लावला होता आणि त्याच्या आधाराने एक चूक केली होती. ती आधी सांगतो.

मी सिग्नल खात्यातला. निवृत्तीला वर्ष राहिले असताना आमच्या सेक्शनच्या मेंटेनरांच्या ग्रुपचा ॲडमिन मी होतो. ग्रुप खरोखर उपयोगाचा होता. पावसाळ्यात ट्रॅक सर्किट फेल झाले, पॉइंट मशीन अडले, की रात्री दोन वाजताही कोणीतरी उत्तर देई. नवी पोरे त्यावर काम शिकली. म्हणून तो स्वच्छ राहावा असे मला मनापासून वाटे.

२ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोर जिल्ह्यातील बहनागा बाजार स्थानकावर अपघात झाला. शालिमारहून इकडे चेन्नईला येणारी कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर गेली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. तिचे डबे शेजारच्या रुळांवर पडले आणि हावड्याकडे जाणारी दुसरी गाडी त्यात सापडली. २९० हून अधिक माणसे दगावली. आपण चेन्नईत आहोत, त्या गाडीची वाट पाहणारी घरे या शहरात होती, हे वेगळे सांगायला नको.

त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर दोन मजकूर आले. पहिला होता फॉरवर्ड. तिथला स्टेशन मास्तर अमुक धर्माचा आहे, तो पळून गेला आहे, रुळाशेजारी त्या धर्माचे प्रार्थनास्थळ आहे, असे त्यात होते. सगळे धादांत खोटे. फोटोत मशीद म्हणून दाखवलेली इमारत प्रत्यक्षात इस्कॉनचे मंदिर होते. अशा अफवा पसरवू नका, असा इशारा ओडिशा पोलिसांना ४ जूनलाच द्यावा लागला.

दुसरा मजकूर आमच्याच एका तरुण मेंटेनरने लिहिला होता. त्याचे म्हणणे असे: “डिस्कनेक्शन मेमो दिल्याशिवाय गिअर उघडायचे नाही, हा नियम आहे. पण मास्तर मेमो घ्यायला कचरतो, कारण गाडी लेट झाली की जाब त्याला विचारतात. कंट्रोल मास्तरला सोडत नाही आणि वरचे कंट्रोलला सोडत नाहीत. इकडे आमच्या जागा रिकाम्या. माणसे भरायची नाहीत आणि गाड्या वाढवायच्या, हे सरकारचे धोरण आहे. यावर बोलायचे नाही, तर कशावर बोलायचे?”

पहिला मजकूर रात्रभर ग्रुपवर राहिला. मी तो पाहिला होता. कोण वाद घालत बसणार, असे म्हणून फोन खाली ठेवला. दुसरा मजकूर मात्र दहा मिनिटांत काढून टाकला आणि खाली लिहिले, “सरकार, धोरण हे विषय येथे नकोत.” त्याने उलट विचारले, तेव्हा त्यालाच ग्रुपमधून काढले.

पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल व दूरसंचार खात्यातील अनेक पातळ्यांवरच्या त्रुटी समोर आल्या. लेव्हल क्रॉसिंग गेटच्या कामात वायरिंगची गफलत झाल्याचे निघाले. जुलै महिन्यात सी.बी.आय.ने तीन रेल्वे कर्मचाऱ्यांना अटक केली. आमच्या पोराने लिहिले तेच बहनागाच्या अपघाताचे कारण, असे मी म्हणत नाही. पण गिअर कसे उघडावे, किती माणसांनी, किती वेळात, याच्याइतका तांत्रिक प्रश्न सिग्नल खात्यात दुसरा नाही. तो प्रश्न मी राजकारण म्हणून पुसला, आणि एका सहकाऱ्याच्या धर्मावर घेतलेला खोटा आळ राजकारण नाही म्हणून राहू दिला.

असे का झाले? मी कोणत्याही पक्षाचा नव्हतो. पण माझ्या मनात एक हिशेब होता. वरच्यांना झोंबेल ते राजकारण, आणि शेजाऱ्याला झोंबेल ते सहज आलेले फॉरवर्ड. बहुतेक ॲडमिनच्या मनात हाच हिशेब असतो. त्याला मेमोची भीती असते, आणि सहकाऱ्याच्या अपमानाची भीती नसते.

मित्रहो, कामाची गोष्ट कोठे संपते आणि राजकारण कोठे सुरू होते, याची दोन उदाहरणे याच राज्यात २०१९ साली घडली. एक आपल्या रेल्वेचे, दुसरे टपालाचे.

मे २०१९ मध्ये मदुराई विभागात तिरुमंगलम् आणि कळ्ळिकुडी या स्थानकांदरम्यान दोन गाड्या एकाच मार्गावर येण्याचा प्रसंग ओढवला. सुदैवाने अपघात टळला. दोन मास्तरांचे बोलणे एकमेकांना नीट कळले नाही, अशा बातम्या आल्या. त्यानंतर जूनमध्ये दक्षिण रेल्वेने सूचना काढली की, कंट्रोल आणि स्टेशन मास्तर यांनी आपसात इंग्रजी किंवा हिंदीत बोलावे, प्रादेशिक भाषा शक्यतो टाळावी. काढणाऱ्याच्या दृष्टीने ती सुरक्षिततेची, म्हणजे निव्वळ तांत्रिक सूचना होती. तामिळनाडूत मात्र तिच्यावरून वादळ उठले आणि १४ जूनला ती बदलावी लागली. दिलेली सूचना समोरच्याला निःसंदिग्ध समजली पाहिजे, यावर भर देण्यात आला.

आता सांगा, हा विषय तांत्रिक की राजकीय? दोन्ही. गाडी सुरक्षित जावी हा तांत्रिक हेतू. पण कोणी कोणाची भाषा शिकायची, हा प्रश्न राजकीय. नेमणूक करताना भाषेचे शिक्षण का दिले नाही, हाही प्रश्न त्यातच आला. हा वाद चालू असताना एखाद्या तमिळ सहकाऱ्याने कामाच्या ग्रुपवर हरकत घेतली असती आणि आपल्यापैकी कोणी ‘भाषावाद नको’ म्हणून ती पुसली असती, तर ती सूचना आपोआप मान्य झाल्यासारखी ठरली असती. गप्प बसवणारा तटस्थ राहत नाही. जे चालू आहे त्याच्या बाजूने त्याचे मत पडते.

टपालाचे उदाहरण त्याच वर्षीच्या जुलैचे. १४ जुलै २०१९ रोजी पोस्टमन वगैरे पदांची परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी व हिंदीत होती. तामिळनाडूतील खासदारांनी राज्यसभा हलवून सोडली. १६ जुलैला दळणवळण मंत्री रविशंकर प्रसाद यांनी ती परीक्षा रद्द करून तमिळसह प्रादेशिक भाषांत पुन्हा घेण्याचे जाहीर केले. दारोदार पत्र वाटणाऱ्या माणसाची परीक्षा कोणत्या भाषेत घ्यावी, याहून कामाचा प्रश्न कोणता? आणि तो सुटला राजकारणानेच.

आपण मराठी माणसांनीही आरशात पाहावे. रेल्वे भरतीत स्थानिकांना संधी मिळते का, हा प्रश्न महाराष्ट्रात वर्षानुवर्षे होता आणि तो विचारण्यात गैर काही नव्हते. पण ऑक्टोबर २००८ मध्ये भरतीच्या परीक्षेसाठी मुंबई परिसरात आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. हातात प्रवेशपत्र घेऊन आलेली ती पोरे उद्याचे आपलेच सहकारी होते. विषय रास्त होता, वागणूक निंद्य होती. माझ्या सगळ्या बोलण्याचे सार यातच आहे. बंदी घालायची तर वागणुकीवर घाला, विषयावर घालू नका.

कोणी म्हणेल, हे ठीक आहे, पण जात-धर्म-भाषा काढली की एकजूट फुटते. ही भीती खोटी नाही, आणि त्याचे उदाहरणही या शहरातच आहे. एग्मोरपासून पेरांबूर लांब नाही. तिथल्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांची मद्रास लेबर युनियन २७ एप्रिल १९१८ ला स्थापन झाली. बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष. गिरणी चालवणाऱ्या बिनी कंपनीने वाडियांवर दावा लावला आणि हायकोर्टाकडून मनाईहुकूम मिळवला. कामगारांशी बोलणे हाच गुन्हा ठरू लागला. त्यावर मध्यवर्ती कायदेमंडळात १९२१ साली ठराव मांडला तो आपल्या ना. म. जोशींनी. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याची वाट तेथून निघाली.

पण त्याच १९२१ सालच्या संपात दुसरी गोष्टही घडली. आदि द्राविड कामगार कामावर परतले, बाकीचे बाहेर राहिले. पुळियांतोप वस्तीत कामगारच कामगारांवर तुटून पडले, घरे जळाली, माणसे मेली. मालकाच्या मनाईहुकमाने जे पुरते साधले नव्हते, ते या फुटीने साधले.

यातून धडा कोणता घ्यायचा? जातीचा विषय काढू नये, हा? याचे उत्तर सतरा वर्षांनी एका रेल्वे स्थानकाच्या गावी मिळाले. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तुम्ही वेगळी परिषद घेऊन कामगारांत फूट पाडता, असा आक्षेप तेव्हाही होता. बाबासाहेबांनी तो आक्षेप टाळला नाही. कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, अशी मांडणी त्यांनी केली. त्यांनी दाखला दिला तो अगदी रेल्वेतला होता. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून आयुष्य काढतो, त्याला पोर्टरची जागाही मिळत नाही, कारण मास्तरला पोर्टर घरकामाला लागतो आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नाही. आता ही तक्रार बढतीची, म्हणजे निव्वळ कामाची. तिला ‘जातीयवाद नको’ म्हणून गप्प केले असते, तर एकजूट टिकली असती का? दिसायला टिकली असती. आतून पोखरलेल्या स्लीपरसारखी. गाडी आली की कळले असते.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. माझ्यावर जातीमुळे अन्याय झाला, असे सांगणे वेगळे. एखाद्याला त्याच्या जातीवरून हिणवणे वेगळे. पहिल्याला संघटनेत जागा हवीच. दुसऱ्याला एक मिनिटही नको. गाळायचे काय, याची यादी मी आता अशी करतो: शिवीगाळ, जात, धर्म, भाषा, स्त्रीत्व यांवरून अपमान, खातरजमा न केलेली बातमी, धमकी, निवडणुकीचा पक्षप्रचार, आणि प्रवाशाची, खातेदाराची वा खात्याची गोपनीय माहिती. यात ‘धोरण’ हा शब्द नाही. रिकाम्या जागा, ड्युटीचे तास, कंत्राटदारी, नवी संगणक प्रणाली कोणाच्या सोयीने आली आणि सर्व्हर बंद पडला की शिव्या काउंटरवरच्या बाईंनी का खायच्या, हे सगळे आपले विषय आहेत.

आता कायद्याचे दोन शब्द, कारण शेवटी भीती तीच असते.

आपल्यावर आचरण नियम आहेत. रेल्वेला १९६६ चे, टपालाला १९६४ चे. दोन्हींत नियम ५ पक्षीय राजकारणाविषयी आणि नियम ९ सरकारवरील टीकेविषयी आहे. ते विसरून चालणार नाही. सेवाशर्तींच्या रक्षणासाठी संघटनेच्या पदाधिकाऱ्याने प्रामाणिकपणे मांडलेल्या मताला काही प्रवर्गांपुरती सवलत आहे, म्हणून टोकदार मुद्दा शाखेच्या वतीने मांडावा हे शहाणपणाचे. पण नोकरीत शिरताना मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवावे लागत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सांगितले आहे. त्यातला एक खटला मुंबईचे कर्मचारी नेते ई. एक्स. जोसेफ यांचा होता. मान्यता नसलेल्या संघटनेचे सभासद होण्यास बंदी करणारा नियम त्यात रद्द ठरला.

फोनवरच्या लिखाणाचे म्हणाल, तर नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरापायी अटक झाली होती. एकीने तो लिहिला होता, दुसरीने फक्त पसंती दिली होती. त्यातून देशभर चर्चा उठली, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. ॲडमिनच्या जबाबदारीविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये निर्णय दिला. दुसऱ्या सभासदाने काही आक्षेपार्ह टाकले, तर समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय केवळ ॲडमिन म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. गोंदिया जिल्ह्यातले ते प्रकरण होते. आणि २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तामिळनाडू ग्रामा बँकेच्या एका कर्मचाऱ्याचे आरोपपत्र रद्द केले. तो संघटनेचा कार्यकर्ता होता. सहकाऱ्यांच्या खासगी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने वरिष्ठांच्या निर्णयावर टीका केली होती. कर्मचाऱ्याच्या मनात तक्रार असणे स्वाभाविक आहे आणि तिला वाट मिळणे संस्थेच्याही हिताचे आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. याचा अर्थ वाटेल ते लिहावे असा नाही. कायद्याच्या मर्यादा ग्रुपमध्येही लागू आहेत. पण मेमोच्या नुसत्या धास्तीने आपल्याच माणसाचे तोंड बांधू नये, इतका आधार त्यात नक्कीच आहे.

मग ग्रुप चालवायचा कसा? नवे काही शोधायला नको. सभा कशी चालवावी हे आपल्या संघटनांना शंभर वर्षे ठाऊक आहे. काकासाहेब गाडगीळांनी तर सभाशास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिले. सभेचा अध्यक्ष बोलणाऱ्याचा विषय पटला नाही म्हणून त्याला खाली बसवत नाही. तो वेळ सांभाळतो, भाषा सांभाळतो, हरकतीचा मुद्दा ऐकतो आणि आपला निर्णय कारणासह देतो. ॲडमिन म्हणजे तोच अध्यक्ष. ग्रुप त्याच्या मालकीचा नसतो.

आम्ही पुढे आमच्या ग्रुपसाठी जे ठरवले ते सांगतो. पटले तर घ्या.

पहिले, नियम लिहून शाखेच्या सभेत मंजूर करून घेतले. ॲडमिनच्या मनातला नियम हा नियम नव्हे.

दुसरे, एकाऐवजी तीन ॲडमिन केले. त्यांत एक तरी नवा आणि एक तरी दुसऱ्या भाषेचा. निवड दर वर्षी.

तिसरे, आधी ताकीद, मग सात दिवस बंदी, मग काढणे. प्रत्येक वेळी कारण सगळ्यांपुढे. ज्याला काढले त्याला शाखेच्या कार्यकारिणीकडे दाद मागता येईल.

चौथे, बिघाडाच्या वेळी ग्रुपवर फक्त बिघाड. तेव्हा आलेला धोरणाचा मुद्दा पुसायचा नाही. तो शाखेच्या ग्रुपवर नेऊन ठेवायचा आणि मांडणाऱ्याला तसे कळवायचे.

पाचवे, नियम सर्वांना सारखा. सणाच्या शुभेच्छांत एका पुढाऱ्याचा फोटो चालत असेल, तर दुसऱ्याचाही चालेल. नाहीतर दोन्ही नकोत.

सहावे आणि महत्त्वाचे. ग्रुपवर निर्णय घ्यायचा नाही. अंगठे मोजून ठराव होत नाही. रेल्वेत पी.एन.एम. आहे, टपालात जे.सी.एम. आहे, त्यापूर्वी शाखेची सभा आहे. ग्रुप हा सूचनाफलक. त्यावर प्रश्न उमटावा, आणि त्याचे उत्तर सभेत समोरासमोर बसून ठरावे. समोर बसलेल्या माणसाला शिवी देणे जड जाते, हाही सभेचा एक फायदा आहे.

शेवटी त्या पोराचे सांगतो. तीन आठवड्यांनी मी त्याला फोन केला. मला वाटले, तो बोलणारही नाही. तो म्हणाला, “काका, मला काढले त्याचे एवढे वाटले नाही. पण तो मास्तरचा मजकूर तुम्ही तसाच ठेवलात. आपल्या सेक्शनमध्ये त्याच धर्माचे दोघे मेंटेनर आहेत. त्यांनी त्या रात्रीनंतर ग्रुपवर एक अक्षर लिहिलेले नाही, बघा.”

मी पाहिले. खरे होते. त्यांतला एक तर रिले आणि पॉइंटच्या कामातला आमचा सगळ्यात जाणता माणूस. रात्री दोन वाजता उत्तर देणारा तोच असायचा. मी ग्रुप स्वच्छ ठेवायला निघालो होतो, आणि ज्याच्या बळावर तो ग्रुप चालत होता त्यालाच मी गप्प केले होते.

मी ग्रुपवर सर्वांपुढे माफी मागितली. खासगीत मागणे सोपे होते, पण चूक सर्वांपुढे झाली होती. पोराला परत घेतले. त्या दोघांच्या घरी जाऊन आलो. एकाने चहा पाजला आणि विषय बदलला. दुसरा काही दिवसांनी पुन्हा लिहू लागला. डिस्कनेक्शन मेमोचा प्रश्न शाखेने ठराव करून पुढे नेला. तो आजही पुरता सुटलेला नाही, हे मी लपवत नाही. पण आता तो एका पोराचा पुसलेला मजकूर राहिला नाही. तो शाखेच्या इतिवृत्तात आहे.

बंधू-भगिनींनो, गावी परतल्यावर एक करा. आपापल्या ग्रुपवर कोण बोलते हे आपल्याला माहीत असतेच. पूर्वी बोलायचे आणि आता कोण बोलत नाही, ते पाहा. त्यांना फोन करा. पुढच्या शाखेच्या सभेचा पहिला विषय तुम्हाला तिथे मिळेल.

कामगार एकजुटीचा विजय असो.